चेहऱ्यावरील डर्मल फिलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांची सुरुवात बहुधा ‘किती दिवस टिकेल’ या प्रश्नाने होते आणि ‘काही बिघडले तर काय’ हा प्रश्न शेवटच्या ओळीत, काहीशा संकोचाने येतो. खालचा क्रम साधारण तोच आहे, मात्र अधिक जागा त्या शेवटच्या ओळीला दिली आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल आणि दुसरीकडे सविस्तर आलेला मुद्दा असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही माहिती प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे गृहीत धरूनच वाचावी.

१. फिलर म्हणजे नेमके काय? ते त्वचेत कुठे जाते?

फिलर म्हणजे सुईने किंवा कॅन्युलाने (बोथट टोकाच्या बारीक नळीने) त्वचेच्या आत किंवा खाली भरायचा मऊ, बहुधा जेलसारखा पदार्थ. ‘डर्मल’ या शब्दामुळे तो त्वचेच्या थरातच राहतो असा समज होतो, पण तो अर्धवट खरा आहे. बारीक रेषांसाठी जेल त्वचेत उथळ भरतात, ओठांत ते त्याहून खाली जाते, आणि गाल, हनुवटी किंवा कानशिलाला उठाव द्यायचा असेल तर ते पुष्कळदा थेट हाडालगत ठेवतात.

यामागचे कारण चेहऱ्याच्या रचनेत आहे. वय वाढते तशी त्वचा पातळ होते, डोळ्यांच्या खोबणीची व जबड्याची हाडे झिजतात आणि त्वचेखालची चरबी ओसरते. ही चरबी सलग थर नसून वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेली असते, असे रोहरिच आणि पेसा यांनी २००७ साली दाखवून दिले. त्यानंतर सुरकुतीत थेट जेल भरण्यापेक्षा तिला आधार देणारा रिकामा कप्पा शोधण्याकडे कल वाढला. त्यामुळे नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घडीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या गालात सुई टोचली गेली, तर त्यात चूक झाली असे समजू नये.

प्रमाणाचाही अंदाज असावा. फिलरची एक सिरिंज बहुधा १ मिलिलीटरची असते आणि पोहे खायच्या लहान चमच्यात सुमारे ५ मिलिलीटर मावतात. म्हणजे एका सिरिंजमध्ये त्या चमच्याचा पाचवा भाग असतो. ‘दोन सिरिंज’ ऐकून लोक दचकतात, पण दोन्ही गालांत मिळून तेवढे जेल वाटले तर तो फरक शेजारच्याच्या लक्षातही येणार नाही.

२. फिलर आणि बोटॉक्स एकच का?

नाही. बोटॉक्स हे बोट्युलिनम टॉक्सिनचे एक व्यापारी नाव आहे. ते स्नायूला तात्पुरते सैल करते, म्हणून कपाळ आकसल्यामुळे किंवा भुवया जवळ आणल्यामुळे पडणाऱ्या सुरकुत्यांवर वापरतात. त्याचा परिणाम दोन-तीन दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. फिलर स्नायूला हात लावत नाही, ते फक्त जागा भरते आणि परिणाम बराचसा लगेच दिसतो. एकाच भेटीत दोन्ही करता येतात, त्यामुळे हा घोटाळा होतो. बिघाडाच्या दृष्टीने मात्र दोन्हींत मोठा फरक आहे: बोट्युलिनम टॉक्सिनने रक्तवाहिनी बुजत नाही, फिलरने बुजू शकते (प्रश्न १० पाहा).

३. फिलरचे प्रकार किती आणि त्यांतला चांगला कोणता?

सर्वांत जास्त वापर हायल्युरॉनिक ॲसिडचा होतो. हा शर्करायुक्त रेणू आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत मुळातच असतो. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली तो गाईच्या डोळ्यातील द्रवातून वेगळा केला. मात्र शरीर स्वतःचे हायल्युरॉनिक ॲसिड एक-दोन दिवसांत मोडून नवे बनवत असते, म्हणून फिलरसाठी त्याच्या साखळ्या रासायनिक दुव्यांनी एकमेकींत गुंतवतात. दुवे जास्त असतील तर जेल घट्ट होते व जास्त टिकते, आणि कमी असतील तर मऊ राहते. ओठांसाठी आणि हनुवटीसाठी वेगवेगळी जेल का लागतात, ते यावरून कळेल.

त्याखेरीज कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइटचे फिलर असते. त्यात हाडांतल्या खनिजासारखे सूक्ष्म गोलक जेलमध्ये मिसळलेले असतात. पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड हे खऱ्या अर्थाने भरणारे नव्हेच. ते त्वचेला कोलॅजन, म्हणजे तिला आधार देणारे प्रथिन, बनवायला भाग पाडते, म्हणून त्याचे काही आठवड्यांच्या अंतराने अनेक डोस घ्यावे लागतात आणि परिणाम महिन्यांनी दिसतो. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे पीएमएमए, हे कायमचे असते.

जुन्या पिढीतील फिलर गाईच्या कोलॅजनचे होते. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) त्याला १९८१ साली मान्यता दिली, पण ॲलर्जीच्या भीतीने आधी हाताच्या त्वचेवर चाचणी करून काही आठवडे थांबावे लागत असे. हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर युरोपात १९९६ मध्ये आणि अमेरिकेत २००३ मध्ये आले. ती चाचणी टळली आणि कोलॅजनची सद्दी संपली.

‘चांगला कोणता’ याला जागेनुसार उत्तर बदलते, पण पहिल्यांदाच फिलर घेणाऱ्याने हायल्युरॉनिक ॲसिडच निवडावे असे आमचे स्पष्ट मत आहे. नको वाटले तर ते विरघळवता येते आणि ही सोय वरीलपैकी दुसऱ्या कशातही नाही. स्वस्त, कायमचे आणि तरीही निर्धोक असे आखूडशिंगी बहुदुधी फिलर अजून निघालेले नाही.

४. दुखते का? वेळ किती लागतो?

सहन होण्यासारखे दुखते. त्वचा बधिर करणारे मलम आधी वीस-तीस मिनिटे लावून ठेवतात आणि बहुतेक जेलमध्ये लिडोकेन हे भुलीचे औषध मिसळलेले असते, त्यामुळे पहिल्या टोचणीनंतर जागा बोथट होत जाते. ओठ सर्वांत हुळहुळे असतात. प्रत्यक्ष काम पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालते. लिडोकेनची किंवा दातांच्या डॉक्टरांकडील भुलीची ॲलर्जी कधी आली असेल, तर ते आधी सांगणे अत्यावश्यक आहे.

५. परिणाम किती दिवस टिकतो?

ओठांत साधारण सहा महिने ते वर्ष, गालांत व हनुवटीत वर्ष ते दोन वर्षे. कॅल्शियमचे फिलर वर्षभर किंवा थोडे अधिक, तर पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडचा परिणाम सुमारे दोन वर्षे राहतो. हे आकडे ‘डोळ्यांना फरक दिसणे’ या कसोटीवरचे आहेत. जेल शरीरातून पूर्ण गेले, असा त्यांचा अर्थ नाही. एमआरआयमध्ये काही जणांच्या चेहऱ्यात हायल्युरॉनिक ॲसिड भरल्यानंतर कित्येक वर्षांनीही आढळले आहे.

हा मुद्दा व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. दर सहा महिन्यांनी ‘उतरले’ म्हणून पुन्हा भरत गेले, तर जुने पुरते गेलेले नसतानाच नवे त्यावर चढते. वरचा ओठ आणि नाक यांच्या मधली जागा फुगलेली दिसणारे काही चेहरे याच हिशेबाने तयार होतात. कॅलेंडर पाहून फिलर घेऊ नये. आधीचा फोटो शेजारी ठेवून, गरज दिसली तरच घ्यावे.

६. डोळ्यांखालची काळी वर्तुळे फिलरने जातील का?

वर्तुळ कशामुळे आहे यावर सगळे अवलंबून आहे. घरी आरशासमोर एक साधी तपासणी करता येते. आधी डोक्यावरच्या दिव्याखाली उभे राहा, मग चेहऱ्यासमोर खिडकीचा उजेड येईल असे वळा. काळसरपणा लगेच फिका पडला तर ती खळगीची सावली आहे आणि तिथे फिलरचा उपयोग होऊ शकतो. उजेड बदलूनही रंग तसाच राहिला आणि त्वचा हलकेच ताणली तरी तपकिरी छटा कायम दिसली, तर ते रंगद्रव्य आहे. त्यावर कितीही जेल भरले तरी रंग बदलणार नाही. निळसर-जांभळी झाक असेल तर पातळ त्वचेतून रक्तवाहिन्या दिसत असतात.

सावली असली तरी ही जागा अवघड आहे. इथली त्वचा संपूर्ण चेहऱ्यात सर्वांत पातळ. जेल उथळ गेले तर त्यातून विखुरणारा प्रकाश निळसर दिसतो आणि वर्तुळ घालवायला गेलेल्या माणसाला नवे, निळे वर्तुळ मिळते. शिवाय हायल्युरॉनिक ॲसिड पाणी धरते. ज्यांचे डोळे सकाळी उठल्यावर सुजलेले असतात किंवा ज्यांच्या खालच्या पापणीखाली चरबीची पिशवी आलेली आहे, त्यांच्यात ही सूज कायमची होऊन बसू शकते. अशा रुग्णाला परत पाठवणाऱ्या डॉक्टरवर रागावू नये. गालाच्या वरच्या भागाला खोलवर आधार दिल्याने कधी कधी खळगीही आपोआप उथळ होते, म्हणून अनुभवी हात आधी तिकडे वळतो.

७. ओठ नैसर्गिक दिसतील ना? दुसऱ्या दिवशी घाबरायला झाले!

दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ अपेक्षेपेक्षा बरेच मोठे, कडक आणि एका बाजूला थोडे अधिक सुजलेले दिसणे नेहमीचेच आहे. पेल्याच्या कडेवर ओठ ठेवला तरी तो आपला वाटत नाही. सूज पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असते, आठवड्याभरात बहुतेक ओसरते आणि खरा आकार दोन आठवड्यांनी कळतो. तोवर आरशावरून निकाल देऊ नये आणि ‘एक बाजू कमी आहे, आणखी भरा’ असा हट्ट तर मुळीच धरू नये.

सूज सोडून दुसरे काही, विशेषतः फिकटपणा किंवा वाढत जाणारी वेदना दिसली, तर वाट न पाहता प्रश्न १० मधील सूचना पाळाव्यात. कॅल्शियमचे फिलर ओठांत वापरत नाहीत, कारण तिथे त्याच्या गाठी होतात. कोणी तसे सुचवले तर त्या व्यक्तीकडून दुसरीकडेही फिलर घेऊ नये.

८. फिलरनंतर काय पाळायचे?

पहिले एक-दोन दिवस जड व्यायाम, वाफ, खूप उष्णता आणि मद्य टाळावे, कारण त्यांनी सूज व रक्ताचे डाग वाढतात. टोचलेल्या जागांवर त्या दिवशी मेकअप नको. सुईची छिद्रे लहान असली तरी ती उघडीच असतात. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज जागा चोळू नये. अपवाद पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडचा: त्यात उलट दिवसातून पाच वेळा, पाच-पाच मिनिटे, पाच दिवस मालीश करायला सांगतात, जेणेकरून कण एका जागी साचून गाठ होऊ नये. त्वचा काळीनिळी पडली तर ती आठवडा-दोन आठवड्यांत निवळते. समारंभाच्या आदल्या दिवशी फिलर घेणाऱ्यांना हा हिशेब नंतर आठवतो. दोन आठवडे हाताशी ठेवावेत.

९. सुई चांगली की कॅन्युला?

कॅन्युला म्हणजे बोथट टोकाची, लवचिक नळी. ती पेशींतून वाट काढत सरकते, त्यामुळे रक्तवाहिनीला भोक पडण्याची आणि त्वचा काळीनिळी होण्याची शक्यता कमी होते. ती शून्यावर मात्र येत नाही. शिवाय कॅन्युला जितकी बारीक, तितकी ती सुईसारखी वागू लागते. २५ गेज किंवा त्याहून जाड कॅन्युलाला सुरक्षित मानतात. गेजचा आकडा मोठा असेल तर नळी बारीक असते, हे लक्षात ठेवावे. हाडालगत थेंब ठेवायचा असेल तिथे सुईच नेमकी पडते. ‘आम्ही कॅन्युला वापरतो, धोका नाही’ हे वाक्य जाहिरातीचे आहे, वैद्यकाचे नव्हे.

१०. फिलरने आंधळेपण येते किंवा त्वचा मरते हे खरे आहे का?

खरे आहे. क्वचित घडते, पण घडते आणि ते कळायला हवे. जेल चुकून धमनीत शिरले तर ती आतून बुजते, आणि ती वाहिनी ज्या त्वचेला रक्त पुरवते ती उपाशी राहते. दोन भुवयांमधली जागा, नाक, कपाळ आणि नाकाशेजारची घडी हे सर्वांत जोखमीचे प्रदेश आहेत, कारण इथल्या धमन्यांचे धागे डोळ्याच्या धमनीशी जोडलेले आहेत. सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबला तर जेल रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने मागे ढकलले जाते आणि दाब सुटताच प्रवाहाबरोबर पुढे जाऊन डोळ्याच्या पडद्याच्या धमनीत अडकू शकते. पडद्याचा रक्तपुरवठा तुटला तर तास-दीड तासाच्या आत कायमची हानी होऊ शकते. म्हणून जाणकार हात अत्यंत सावकाश आणि एका ठिकाणी अगदी थोडेच जेल सोडतो. दट्ट्या मागे ओढून रक्त येते का हे पाहण्याची पद्धत आहे, पण रक्त आले नाही म्हणजे सुई धमनीबाहेर आहे, अशी खात्री त्यातून मिळत नाही.

त्वचेच्या बाबतीत काय दिसते ते नीट सांगतो. पहिल्या काही क्षणांत किंवा मिनिटांत जागा पांढुरकी पडते. भुलीच्या औषधानेही त्वचा तात्पुरती फिकी होते, त्यामुळे एवढ्यावरून निश्चित सांगता येत नाही. पुढे तिथे जांभळट, जाळीदार नक्षी उमटते, आणि ती टोचलेल्या जागेपुरती न राहता धमनीच्या वाटेने पसरते: ओठाजवळ टोचलेले असते आणि डाग नाकपुडीवर दिसतो. दुखणे अपेक्षेपेक्षा जास्त असते, पण लिडोकेनमुळे सुरुवातीला ते जाणवतही नाही. दिवस उलटला तर बारीक पुळ्या येतात आणि पुढे त्वचा काळी पडून जखम होते. या पुळ्यांना नागीण किंवा मुरुम समजून मलम लावत बसल्यामुळे मोलाचे दिवस वाया गेल्याची उदाहरणे आहेत.

ओळखायची एक सोपी रीत आहे. संशयित जागेवर बोटाने पाच सेकंद दाबा आणि सोडा. निरोगी त्वचा दाबाने पांढरी होते आणि साधारण दोन सेकंदांत तिचा रंग परत येतो. दुसऱ्या बाजूच्या गालावर तेच करून पाहा. संशयाच्या जागी रंग रेंगाळत परतत असेल तर त्याच क्षणी फिलर देणाऱ्या डॉक्टरला फोन करावा. ते उपलब्ध नसतील तर रुग्णालयात जावे, रात्र असली तरी. दिसणे अंधुक होणे, डोळ्यात तीव्र कळ येणे, पापणी खाली पडणे किंवा बोलताना जीभ अडखळणे यांपैकी काहीही झाले तर ती आणीबाणीच आहे.

यावर उपाय आहे आणि वेळेत केला तर त्वचा बहुधा वाचते. तो पुढच्या प्रश्नात दिला आहे.

११. हायल्युरोनिडेज म्हणजे काय? भरलेले खरेच विरघळते का?

हायल्युरोनिडेज हे हायल्युरॉनिक ॲसिडच्या साखळ्या कापणारे विकर आहे. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत भूल पसरावी म्हणून ते फार पूर्वीपासून वापरात आहे. फिलरवर टोचले की परिणाम काही तासांत दिसू लागतो आणि दोन दिवसांत बराचसा पूर्ण होतो. आकार न आवडल्यास किंवा गाठ आल्यास थोड्या मात्रेत, गरजेप्रमाणे टप्प्याटप्प्याने देतात. धमनी बुजली असेल तर मात्र हिशेब वेगळा असतो: शेकडो युनिट एका वेळी त्या संपूर्ण प्रदेशात देतात आणि दाबून पाहिल्यावर रंग झटपट परत येईपर्यंत साधारण तासा-तासाने पुन्हा देतात.

यात तीन अडचणी आहेत. एक, ते फक्त हायल्युरॉनिक ॲसिडवरच चालते. कॅल्शियम, पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड किंवा पीएमएमएवर त्याचा काही उपयोग नाही. दोन, मधमाशी आणि गांधीलमाशीच्या विषातही हायल्युरोनिडेज असते, त्यामुळे त्यांच्या डंखाने ज्यांना पूर्वी गंभीर ॲलर्जी झाली आहे त्यांनी हे फिलर घेण्याआधीच सांगावे. अशा माणसाला विरघळवण्याची सोय बिनधास्त वापरता येत नाही, आणि मग प्रश्न ३ मधला आमचा सल्लाही निम्मा लंगडा पडतो. तीन, ते शरीरातले स्वतःचे हायल्युरॉनिक ॲसिडही थोडेफार कापते. ते पुन्हा तयार होते, पण विरघळवल्यावर काही दिवस जागा खोल गेल्यासारखी वाटू शकते.

पहिल्या भेटीत ‘किती सिरिंज लागतील’ असे बहुतेक जण विचारतात. त्याच दमात हेही विचारावे: हायल्युरोनिडेज आत्ता या खोलीत आहे का, किती आहे, आणि रात्री दहा वाजता काही झाले तर मी कोणता क्रमांक लावू? ज्याने हे प्रसंग हाताळले आहेत तो लगेच उत्तर देतो. हा प्रश्न विचारल्याने अपमान झाल्यासारखे वागणाऱ्याकडून फिलर घेऊ नये.

१२. चार महिन्यांनी अचानक गाठ आली. आता काय?

पहिल्या आठवड्यातली गाठ बहुधा जेल एका जागी साचल्याने असते. महिन्यांनी आलेल्या गाठीची कारणे वेगळी: फिलरभोवती जिवाणूंचा पातळ थर चिकटून बसणे, शरीराची प्रतिकारशक्ती उशिरा खवळणे, किंवा बाह्य पदार्थाभोवती पेशींची गाठ बनणे. लाल, गरम, दुखरी गाठ असेल तर आधी संसर्ग समजूनच उपचार होतात, आणि प्रतिजैविकांचे कवच न देता त्या गाठीत स्टेरॉइड टोचणे धोक्याचे मानतात. ती दाबून फोडण्याचा प्रयत्न करू नये. न दुखणारी, थंड गाठही दाखवून घ्यावी, पण तिच्यासाठी झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

१३. फिलर कोणी घेऊ नये?

चेहऱ्यावर चालू संसर्ग, पिकलेले मुरुम किंवा ओठावर ताप उठलेला असेल तर तो बरा होईपर्यंत थांबावे. ओठांवर वारंवार ताप उठणाऱ्यांना आधीपासून विषाणूरोधक गोळी देतात. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात सुरक्षिततेचा पुरेसा अभ्यास झालेला नसल्याने टाळतात. स्वयंप्रतिकार आजार असलेल्यांना सरसकट मनाई नाही, पण आजार उसळलेला असताना नको. व्रण वाढून केलॉइड होण्याची प्रवृत्ती असेल तर ती सांगावी. त्वचा सावळी किंवा गडद असेल तर टोचलेल्या जागी काळे ठिपके राहू शकतात. ते हळूहळू फिके होतात, आणि छिद्रे जितकी कमी तितके बरे, म्हणून इथे कॅन्युलाचा फायदा होतो.

१४. मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो. ती दोन दिवस बंद करू का?

स्वतःहून अजिबात नाही. हृदयासाठी किंवा पक्षाघात टाळण्यासाठी दिलेली गोळी बंद केल्याचा धोका आणि गालावरचा काळानिळा डाग यांची तुलनाच होऊ शकत नाही. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. डॉक्टरी सल्ल्याविना, सवयीने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, माशाच्या तेलाच्या किंवा ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल मात्र आधी काही दिवस थांबवता येतात.

१५. दातांचे काम किंवा लस घ्यायची असेल तर?

दात साफ करताना किंवा काढताना तोंडातले जिवाणू रक्तात उतरतात आणि ते फिलरवर जाऊन बसू शकतात, म्हणून दातांचे ठरलेले काम आणि फिलर यांत दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. दाढ ठणकत असेल तर दाढच आधी.

लसीबाबतची भीती २०२० च्या डिसेंबरपासूनची आहे. मॉडर्नाच्या कोविड लसीच्या चाचणीत पूर्वी फिलर घेतलेल्या तीन जणांचा चेहरा किंवा ओठ सुजले होते आणि ती सूज उतरली. प्रतिकारशक्ती जागी होते तेव्हा जुन्या फिलरभोवती अशी सूज येऊ शकते, मोठ्या सर्दी-तापानंतरही येते. त्यासाठी लस टाळण्याचे काहीच कारण नाही. शक्य असेल तर दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे, एवढेच.

१६. एमआरआय किंवा सीटी स्कॅन करताना फिलरची अडचण येते का?

तपासणी करता येते, पण तंत्रज्ञाला सांगावे. हायल्युरॉनिक ॲसिड एमआरआयमध्ये पाणथळ ठिपक्यांसारखे दिसते. कॅल्शियमचे फिलर सीटीमध्ये पांढरे उठून दिसते आणि कर्करोगासाठी केलेल्या पेट स्कॅनमध्ये त्या जागा ‘पेटलेल्या’ दिसू शकतात. न सांगितल्यास निष्कारण सुईतपासणीपर्यंत वेळ जाते.

१७. सुईविना फिलर देणारे ‘हायल्युरॉन पेन’ घरी वापरले तर?

वापरू नये. ही उपकरणे दाबाने जेल त्वचेत मारतात. ते किती खोल आणि कुठे जाईल, यावर ताबा नसतो. एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध जाहीर इशारा दिला. त्यात ओठ, त्वचा आणि डोळ्यांच्या कायमच्या इजेचा उल्लेख होता. ऑनलाइन मागवलेले जेल निर्जंतुक आहे की नाही, हे कळण्याचाही मार्ग नसतो. प्रश्न १० मधला प्रसंग स्वयंपाकघरात ओढवला तर हायल्युरोनिडेज कुठून आणणार, एवढा एकच विचार पुरेसा आहे.

१८. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, तिला ओठ भरायचे आहेत.

चेहऱ्याची हाडे आणि चरबी त्या वयात अजून बदलत असतात. अमेरिकेत बहुतेक फिलरना २२ वर्षांवरील व्यक्तींसाठीच मान्यता आहे आणि इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालील कोणालाही सौंदर्यासाठी फिलर देणे हा गुन्हा आहे. तिच्यावर ओरडण्यापेक्षा, मोबाइलमधला कोणता फोटो तिला दाखवावासा वाटतो ते पाहावे. पुष्कळदा तो फिल्टर लावलेला तिचाच फोटो असतो, आणि फिल्टरने ओठांबरोबर डोळे, नाक व जबडाही बदललेला असतो.

१९. एकदा सुरू केले की थांबवता येत नाही, बंद केले तर चेहरा लोंबतो, हे खरे का?

माफक प्रमाणात भरले असेल तर नाही. जेल ओसरले की चेहरा जवळपास मूळ जागी येतो. हायल्युरॉनिक ॲसिडच्या जेलभोवती थोडे नवे कोलॅजन तयार होते असेही आढळले आहे. ‘आधीपेक्षा वाईट झाले’ असे वाटते त्याचे एक कारण असे, की मधल्या दोन वर्षांचे वय डोळ्यांना एकदम दिसते. वर्षानुवर्षे अतोनात भरले असेल तर मात्र त्वचा ताणली जाते आणि विरघळवल्यावर ती सैल दिसू शकते.

२०. पूर्वी कुठेतरी फिलर घेतले होते, पण ते कसले होते हे मला माहीत नाही. नवे घेऊ का?

आधी शोध घ्यावा. प्रत्येक सिरिंजबरोबर उत्पादनाचे नाव व बॅच क्रमांक असलेले स्टिकर येते आणि ते रुग्णाच्या नोंदीत लावतात. त्या दवाखान्याकडे नोंद मागावी. ती मिळाली नाही तर अल्ट्रासाऊंड करावे. हायल्युरॉनिक ॲसिड, कॅल्शियम, सिलिकॉन यांचे चित्र वेगवेगळे दिसते आणि सोनोग्राफी करणाऱ्याला फिलरचा अनुभव असेल तर बराच उलगडा होतो.

हा आटापिटा सिलिकॉनमुळे करावा लागतो. द्रव सिलिकॉनला सौंदर्यासाठीचे फिलर म्हणून एफडीएची मान्यता नाही आणि २०१७ साली तिने शरीराचा आकार बदलण्यासाठी ते टोचण्याविरुद्ध इशाराही दिला, तरी ते छुपेपणाने वापरले जाते. ते सरकते, वर्षांनंतर कठीण गाठी करते आणि विरघळत नाही. काढायचेच तर शस्त्रक्रिया लागते आणि तीही पुरी होत नाही. अशा कायमच्या पदार्थावर नवे जेल टोचले तर झोपलेली दाहप्रक्रिया जागी होण्याची भीती असते, म्हणून बहुतेक डॉक्टर त्या जागी नकार देतात. नोंद सापडली आणि ते हायल्युरॉनिक ॲसिडच निघाले, तर नवे भरण्यापूर्वी जुने किती उरले आहे ते त्याच अल्ट्रासाऊंडमध्ये मोजून घ्यावे. पुष्कळांना नवे लागतच नाही.